संत लबकचे सोमवार

ब्रिटनच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी पोस्टकार्डाच्या अर्ध्या भागावर सहज मावेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये आठ, स्कॉटलंडमध्ये नऊ, उत्तर आयर्लंडमध्ये दहा. दरवर्षी शासनाच्या राजपत्रातील सुट्ट्यांची यादी निघाली की ती रविवार वजा करून मोजणाऱ्या आम्हां मास्तरमंडळींना हा प्रकार दरिद्रीच वाटतो. त्यातही इंग्लंडच्या आठांपैकी चार दिवस नेमाने सोमवारी येतात: ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीचा, मे महिन्यातला पहिला, मे महिन्यातलाच शेवटचा आणि ऑगस्टचा शेवटचा. उरले नाताळ, त्याच्या पाठीला पाठ लावून येणारा बॉक्सिंग डे, गुड फ्रायडे आणि १ जानेवारी. आणि हा १ जानेवारीसुद्धा इंग्लंडात १९७४ साली सुट्टीचा झाला. राष्ट्राचा म्हणावा असा दिवस यादीत नाहीच. संत जॉर्जचा २३ एप्रिल हा शेक्सपिअरचा मृत्युदिनही आहे, पण त्या दिवशी इंग्रज माणूस मुकाट्याने कामावर जातो. जगातील इतक्या देशांच्या दिनदर्शिकेत स्वातंत्र्यदिन घालण्यास जे राष्ट्र कारण झाले, त्याच्या स्वतःच्या दिनदर्शिकेत तो नसावा, ह्यातला विनोद जुना झाला आहे. असो.

आम्हाला कुतूहल आहे ते ह्या सुट्ट्यांच्या नावाचे. 'बँक हॉलिडे'. सुट्टी देवाची नाही, राजाची नाही, पेढीची. 'हॉलिडे' ह्या शब्दात पवित्र दिवस दडलेला आहे हे भाषाशास्त्राच्या पहिल्या तासाला सांगितले जाते. त्या पवित्र दिवसामागे पेढी कशी येऊन बसली, हे मात्र कोणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बँक ऑफ इंग्लंड वर्षातून सुमारे तेहतीस संतदिन आणि धार्मिक सण पाळत असे. १८३४ साली एका फटक्यात ते चारावर आले: गुड फ्रायडे, १ मे, १ नोव्हेंबर आणि नाताळ. ही काटछाट एकट्या बँकेची नव्हती. सरकारी आणि व्यापारी कचेऱ्यांतून संत आधीपासूनच हद्दपार होऊ लागले होते, आणि त्याची तक्रार नोंदवणारा सर्वांत गोड तक्रारखोर आपल्या अभ्यासक्रमात कित्येक दशके ठाण मांडून आहे. चार्ल्स लॅम्बने 'ऑक्सफर्ड इन द व्हेकेशन' हा निबंध १८२० साली लिहिला, त्यात पंचांगातून पुसल्या गेलेल्या लाल अक्षरांच्या दिवसांविषयी तो हळहळतो. हा निबंध आपल्याकडे 'लॅम्बची विनोदबुद्धी आणि कारुण्य' ह्या ठरीव प्रश्नाच्या उत्तरासाठी वाचला जातो. लॅम्ब १७९२ पासून १८२५ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कचेरीत हिशेबनीस होता, ही गोष्ट चरित्राच्या परिच्छेदात येते आणि तिथेच राहते. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा हा गृहस्थ त्याच कचेरीत कंपनीच्या मालाचे आकडे खतावणीत चढवत होता. निवृत्तीनंतर लिहिलेल्या 'द सुपरअ‍ॅन्युएटेड मॅन' ह्या निबंधात तो आपल्या सुट्ट्यांचा हिशेब देतो: रविवार, ईस्टरचा एक दिवस, नाताळचा एक दिवस आणि उन्हाळ्यात एक आठवडा. कंपनीने आपल्याकडून काय नेले ह्याची मोजदाद दादाभाईंपासून होत आली आहे; तिने आपल्या कारकुनांकडून काय नेले हे लॅम्ब हसत हसत सांगून जातो. दोन्ही हिशेब एकाच इमारतीतले आहेत, एवढे तरी वर्गात बोलायला हरकत नसावी.

कचेरीतील कारकुनाचे संत गेले, तसा कारागिराचाही एक संत गेला. त्याचे नाव 'संत सोमवार'. चर्चच्या कोणत्याही यादीत नसलेला हा संत म्हणजे रविवारच्या मद्यपानानंतर सोमवारी कामाला दांडी मारण्याची विणकर-चांभार-लोहारांची जुनी रीत. यंत्राच्या भोंग्याने ती मोडून काढली. ई. पी. टॉम्पसन ह्या इतिहासकाराचा घड्याळ, श्रमशिस्त आणि औद्योगिक भांडवलशाही ह्यांवरचा १९६७ चा निबंध ज्यांनी वाचला असेल, त्यांना ही कथा ठाऊक आहे. गंमत अशी, की कामगाराकडून काढून घेतलेला सोमवारच पुढे कायद्याने त्याच्या हाती परत ठेवला गेला, पण वर्षातून मोजून तीन वेळा.

ते काम सर जॉन लबक ह्यांचे. हे गृहस्थ पेढीवाले, खासदार, डार्विनचे शेजारी आणि मुंग्या-मधमाश्यांचे अभ्यासक. अश्मयुगाचे पुराश्मयुग आणि नवाश्मयुग असे दोन भाग त्यांनीच १८६५ च्या आपल्या ग्रंथात पाडले. १८७१ साली त्यांनी संसदेत बँक हॉलिडेचा कायदा संमत करून घेतला. इंग्लंडसाठी चार दिवस ठरले: ईस्टरचा सोमवार, व्हिट्सनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि बॉक्सिंग डे. ह्यांतला ऑगस्टचा सोमवार खरा क्रांतिकारक, कारण त्याच्या पाठीशी कोणताही संत, कोणताही उपवास, कोणताही पुनरुत्थित प्रभू नव्हता. केवळ उन्हाळा होता, आणि आगगाडीने समुद्रकिनाऱ्यावर जाता येत होते. कृतज्ञ जनतेने रिकामी जागा भरून काढली. ह्या दिवसांना लोक 'संत लबकचे दिवस' म्हणू लागले.

लबकचा कायदा झाला त्यानंतर एकोणीस वर्षांनी मुंबईत आणखी एक सुट्टी मिळवली गेली. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणी कामगारांची सभा भरवली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लंडनला जे एका बँकरने संसदेत बसून दिले, ते इथे सत्यशोधक चळवळीतल्या कार्यकर्त्याला अर्ज-विनंत्या करून, सभा भरवून घ्यावे लागले. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार. तेव्हा ख्रिस्ती विश्रांतीचा दिवस सातारा-पुण्याकडून गिरणीत आलेल्या माणसाला परका वाटण्याचे कारण नव्हते. बाकी आपल्या सुट्ट्यांचा सांगाडा विलायती पेढीचाच आहे. राजपत्रातील आपली यादी आजही निघते ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमान्वये, म्हणजे हुंडी वटण्याच्या कायद्याखाली. महाशिवरात्र असो, बकरी ईद असो, त्या दिवशी कायद्याच्या नजरेत घडते इतकेच, की हुंडी वटत नाही.

ह्यापुढे जे लिहायचे आहे त्यासाठीच खरे तर हे सारे पाल्हाळ.

इंग्रजी साहित्यात ज्या दिवसांना महत्त्व आहे, त्यांतले बरेचसे ह्या सुट्ट्यांच्या यादीत नाहीत. 'प्राइड अँड प्रेजुडिस'च्या पहिल्याच प्रकरणात बिंगली नेदरफील्डची वास्तू 'मायकेलमस'च्या आधी ताब्यात घेणार असतो. हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'मध्ये गेब्रिएल ओक मेंढ्या गमावून 'कँडलमस'च्या जत्रेत स्वतःचे श्रम विकायला उभा राहतो. टेस फ्लिंटकोम-अ‍ॅशच्या खडकाळ रानात सलगम खणण्याचा करार करते तो 'ओल्ड लेडी डे'पर्यंतचा. बाजारातील मार्गदर्शिका ह्या शब्दांपुढे 'एक ख्रिस्ती सण' एवढे लिहून मोकळ्या होतात. ती माहिती खोटी नाही, पण तिचा काडीचा उपयोग नाही. हार्डीच्या शेतमजुराला त्या दिवशी देवदूताने मेरीला कोणती वार्ता दिली ह्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला कर्तव्य होते भाड्याशी, कराराशी आणि डोक्यावरच्या छपराशी.

२५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर हे इंग्लंडचे चार 'क्वार्टर डे'. खंड भरायचा, घरभाडे द्यायचे, नोकर ठेवायचे वा काढायचे, ते ह्या दिवशी. ह्यांतला २५ मार्च म्हणजे लेडी डे. १७५१ पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्षच ह्या दिवशी सुरू होई. नंतर पंचांग बदलले. १७५२ सालच्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली, अकरा दिवस गळाले. देणे-घेणे करणाऱ्यांनी ते अकरा दिवस सोडले नाहीत. जुना लेडी डे सरकत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला आणि तिथे टिकला. ब्रिटनचे आयकराचे वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते, ते ह्याच जुन्या लेडी डेचे भूत.

तालुक्याच्या गावी आम्ही 'टेस' शिकवत होतो त्या वर्षीची गोष्ट. एकावन्नावे प्रकरण चालू होते. बाप मरतो, घराचा पट्टा त्याच्या हयातीपुरताच असतो, ओल्ड लेडी डेच्या दिवशी टेस, तिची आई आणि भावंडे गाडीत सामान भरून घराबाहेर पडतात. त्याच दिवशी रस्त्यावर तशाच पन्नास गाड्या. हार्डी थांबून सांगतो, की शेतमजुरांची सारी दुनिया ह्या एका दिवशी हलत असते. करार संपतो, नवा होतो, आणि कपाट सर्वांत आधी गाडीवर चढते. आम्ही टिपांच्या आधारे लेडी डेची फोड करू लागलो, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीपुरतीच बोलत असे, म्हणाली, "सर, हे आमच्याकडं पाडव्याला होतं."

तिचे वडील सालगडी. सालगड्याचे साल पाडव्याला फिटते आणि पाडव्यालाच नवे धरले जाते. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती, ह्याची बोलणी त्या दिवशी होतात. बोलणी फिसकटली की मालकाच्या आखाड्यावरून बिऱ्हाड उचलायचे. गावात गुढ्या उभ्या असतात, तेव्हा हे कुटुंब भांडी पोत्यात भरत असते. ती सांगत होती, की दोनदा त्यामुळे शाळा बदलली. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांना हे नवीन नव्हते; ते नवीन होते शहरातून बदलून आलेल्या आम्हालाच. लेडी डे आणि पाडवा, दोन्ही वसंतातले, दोन्ही कधीकाळचे वा आजचे वर्षारंभ, दोन्ही कॅलेंडरवर शुभ. आम्ही पुस्तक मिटले आणि त्या तासाला तिलाच बोलू दिले. हार्डीने १८८३ साली 'द डॉर्सेटशर लेबरर' हा लेख लिहिला, त्यात ह्या स्थलांतराची नोंद आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच्या छायाप्रती काढून वाटल्या. त्या मुलीने त्या प्रतीवर समासात आकडे लिहिले होते: डॉर्सेटच्या मजुराचे आठवड्याचे शिलिंग एका बाजूला, वडिलांचे सालाचे रुपये दुसऱ्या बाजूला.

दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' आम्हाला अतिशय प्रिय आहे. बारा महिन्यांची पाने-फुले, रंग-गंध त्यांनी ज्या डोळ्यांनी पाहिले तसे मराठीत दुसऱ्या कोणी पाहिलेले नाहीत. पण चैत्राचे एक पान तिथे नाही असे त्या तासानंतर वाटू लागले. ही त्या पुस्तकाची उणीव नव्हे. ते पान दुसऱ्या कोणी लिहायचे आहे.

सणाची दुसरी एक जात आहे, जी आम्हाला अस्वस्थ करते. ५ नोव्हेंबर. १६०५ साली काही कॅथलिकांनी संसदेच्या इमारतीखाली दारूगोळा भरून राजासकट ती उडवण्याचा बेत केला. गाय फॉक्स पकडला गेला आणि पुढच्या जानेवारीत फासावर चढला. १६०६ मध्ये संसदेने ह्या दिवशी ईश्वराचे आभार मानणे कायद्याने सक्तीचे केले आणि तो कायदा १८५९ पर्यंत टिकला. तेव्हापासून दरसाल होळ्या पेटतात, पुतळा जळतो, बटाटे भाजले जातात. आपल्याकडचा माणूस चटकन होळी किंवा रावणदहनाशी तुलना करतो. ती तुलना आम्हाला मान्य नाही. इथे जाळला जातो तो एक खराखुरा, नाव-गाव असलेला माणूस, आणि त्याच्या आडून एक पंथ. ससेक्समधील ल्यूइस गावात आजही मिरवणुकीत जळते क्रूस मिरवतात, ते मेरी राणीच्या कारकिर्दीत तिथे जाळल्या गेलेल्या सतरा प्रॉटेस्टंटांच्या स्मरणार्थ. पाचवा पॉल हा पोप १६२१ साली वारला, पण त्याचा पुतळा तिथे जाळण्याची रीत चालत आली आहे.

'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह'ची सुरुवात ह्याच रात्री होते. टेकड्या-टेकड्यांवर पेटलेल्या होळ्या, त्यांच्या उजेडात नाचणारी म्हातारी माणसे, आणि दूर एकाकी जळणारी युस्टेशियाची होळी, जी सणाची नसून प्रियकराला दिलेली खूण आहे. हार्डी म्हणतो, की ह्या आगी गाय फॉक्सच्या नव्हेत, त्या ड्रुइडांच्या नि सॅक्सनांच्या प्राचीन विधींच्या वारस आहेत. वाचताना ते पटते. पण रोनाल्ड हटन ह्यांचा 'द स्टेशन्स ऑफ द सन' हा १९९६ चा ग्रंथ वाचला की हार्डीच्या पिढीच्या ह्या आदिमप्रेमाकडे सावधपणे पाहावेसे वाटते. जुने जमाखर्च आणि चर्चची दप्तरे चाळून हटन दाखवतात, की 'अनादि' म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ इंग्रजी रूढींचा पुरावा फार मागे जात नाही. आगीला आदिम म्हटले की तिच्यात कोण जळतो हे विचारायची गरज उरत नाही, ही आमची भर. उत्तर आयर्लंडात तर असा प्रश्न टाळताच येत नाही. तिथे १२ जुलैला सुट्टी असते, १६९० च्या बॉइनच्या लढाईची; एका वस्तीत ढोल वाजतात आणि शेजारच्या वस्तीत दारे लावून घेतात.

ईस्टरविषयी थोडेच. वसंतातील पौर्णिमेनंतरचा रविवार, हे गणित आपल्याला समजावून द्यावे लागत नाही. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि ईस्टर ९ एप्रिलला होता. चंद्राच्या ह्या लहरीने व्यापाऱ्यांची गैरसोय होते म्हणून संसदेने १९२८ साली ईस्टर एप्रिलमधल्या एका ठरावीक रविवारी बांधण्याचा कायदा केला. तो आजवर अमलात आलेला नाही. चंद्र जिंकला. व्हिट्सन मात्र हरला. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारचा हा सण आणि त्याचा सोमवार १९७१ च्या कायद्याने सुट्ट्यांतून गेला. त्या जागी मेचा शेवटचा सोमवार आला. लार्किनचा 'द व्हिट्सन वेडिंग्ज' १९६४ चा. त्यात आगगाडीच्या प्रत्येक स्थानकावर जी नवविवाहित जोडपी चढतात, ती त्या जोडून आलेल्या सुट्टीच्या भरवशावर. सात वर्षांत कवितासंग्रहाच्या नावातला सण सरकारने काढून घेतला. आता इंग्रज विद्यार्थ्यालाही त्या शब्दाला टीप लागते, आणि ह्या एका बाबतीत तो आणि आमचा विद्यार्थी एका बाकावर आले आहेत. ब्रिटिश सरकारला तारखा हलवण्याचा सोसच आहे. २०२० साली मेचा सोमवार उचलून शुक्रवारी, ८ मे रोजी ठेवला, कारण युरोपातील युद्धसमाप्तीला पंचाहत्तर वर्षे होत होती. आपल्याकडे १ मे असा सरकवून पाहावा. हुतात्मा चौकात काय होईल ते वेगळे सांगायला नको.

नाताळावर इतके लिहून झाले आहे, की डिकन्सचे १८४३ साल आणि क्रॅचिटला मिळणारी ती एक कुरकुरत दिलेली सुट्टी ह्यांचा उल्लेख करून आम्ही सुटका करून घेतो. एकच जोडायचे: १९३२ च्या नाताळात पाचव्या जॉर्जने नभोवाणीवरून साम्राज्याला पहिला संदेश दिला, त्याचा मसुदा मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचा होता. स्कॉटलंडात नाताळ १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टीचा दिवसच नव्हता; प्रेस्बिटेरियन चर्चला तो पोपचा वाटे. त्यांचा जीव वर्षाच्या शेवटच्या रात्रीत, आणि २५ जानेवारीला कवी बर्न्सच्या नावाने होणाऱ्या जेवणात. कवीच्या जन्मदिनी सारा देश जेवायला बसतो आणि ताटातल्या पदार्थावर त्याचीच कविता म्हणतो, ह्याचा मात्र हेवा वाटतो.

संत लबकच्या ऑगस्टच्या सोमवाराचे पुढे जे झाले ते त्यांना स्वप्नातही सुचले नसते. कायद्याने तो महिन्याच्या अखेरीस ढकलला, आणि त्या रविवार-सोमवारी लंडनच्या नॉटिंग हिलच्या रस्त्यांवर कॅरिबियन कार्निव्हल उतरू लागले. १९५८ साली तिथे काळ्या वस्तीवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून त्रिनिदादच्या क्लॉडिया जोन्स ह्या पत्रकार बाईंनी जानेवारी १९५९ मध्ये सेंट पॅन्क्रसच्या सभागृहात पहिले कार्निव्हल भरवले. १९६६ पासून ते रस्त्यावर आले. ज्या सोमवाराच्या मागे कोणताही संत नव्हता, त्याच्यावर कोणाचीच मालकी नव्हती, म्हणून तो त्यांना घेता आला असावा, असा आमचा तर्क आहे.

तिथल्या मराठी माणसांच्या वाट्याला असा सोमवार आलेला नाही. अगदी जवळून हुकतो. २०२२ मध्ये ऑगस्टची सुट्टी २९ ला आणि गणेश चतुर्थी ३१ ला. २०२५ मध्ये सुट्टी २५ ला आणि चतुर्थी २७ ला. मूर्ती तिथीला बसते, आरतीची गर्दी शनिवारी होते, तिळगूळही पुढच्या रविवारपर्यंत थांबतो. दिवाळीची सुट्टी ब्रिटनमध्ये नाही. पण २००४ च्या शोभेच्या दारूविषयक नियमांत तिचे नाव आहे. एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी. ५ नोव्हेंबरला बारापर्यंत सवलत. आणि इंग्रजी नववर्ष, चिनी नववर्ष व दिवाळी ह्या तीन रात्री एक वाजेपर्यंत. गाय फॉक्सपेक्षा लक्ष्मीपूजनाला एक तास जास्त मिळाला आहे. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर त्या रात्री लोक तो तास पुरेपूर वापरतात, आणि सकाळी आठ वाजता बस पकडून कामावर जातात.